रेशनकार्डावरची दोन नावं

नाशिक रोड
बुधवार, १५ सप्टेंबर २००४

चिरंजीव साक्षीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईची तब्येत चांगली, माझी बरी. ‘पत्रास कारण की’ एवढं लिहून अर्धा तास बसलो आणि ते खोडलं. कारण आहे, पण त्याला थोडा वेळ दे. आधी तयारीचं सांगतो.

तुझ्या पदवीदानाचं निमंत्रण आलं त्या दिवसापासून आई व्हिएन्नाला पोचलेलीच आहे. इथे फक्त स्वयंपाकापुरती असते. माणशी वीस किलो सामान नेता येतं हे कळल्यावर तिने भरलेली बॅग रद्दीवाल्याच्या काट्यावर नेऊन ठेवली. तेवीस भरली. रद्दीवाला म्हणाला, वहिनी, विकायची असेल तर भाव वेगळा. मग बॅगेतून माझे दोन शर्ट आणि लोकरी पायजमा निघाला. मेतकूट, सांडगे आणि चिवडा यांना हात लागला नाही. हिंगाचा वास विमानात चालतो का, ते तिने विचारायला सांगितलंय.

मी वाचनालयातून नकाशा आणून तुमच्या ट्रामचे मार्ग डायरीत उतरवून घेतले. विद्यापीठापर्यंत आता कुणाला न विचारता जाऊ शकेन, असं लिहिणार होतो. पण नकाशा १९८४ चा आहे, तेव्हा बहुधा जाऊ शकेन.

थंडीची सवय व्हावी म्हणून मागच्या महिन्यात इगतपुरीला जाऊन आलो. आत गरम बनियन, वर दोन स्वेटर, माकडटोपी. स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याने आईला हळूच विचारलं, साहेबांना थंडीताप हाय का. आम्ही आधी घामाने भिजलो, मग पावसाने, आणि परत येऊन आठवडाभर शिंकत होतो. आईच्या मते सराव चांगला झाला.

आता पासपोर्टचं.

अर्जाला रेशनकार्डाची प्रत जोडली होती. गेल्या बुधवारी चौकशीला हवालदार आले. सभ्य माणूस, चहा घेतला, कार्ड मागून घेतलं. त्यावर दोनच नावं, माझं आणि आईचं. मूलबाळ नाही का, असं त्यांनी सहज विचारलं. आई म्हणाली, मुलगी आहे की, तिच्याकडेच तर चाललोय. त्यांनी कार्ड उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

“वहिनी, कार्डावर तर नाही.”

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत नव्हतं. कार्ड माझ्या कपाटात असतं.

साक्षी, तुझं नाव मी कमी करून घेतलं होतं. तू गेलीस त्यानंतर नवव्या दिवशी.

हवालदारांना मी तेच कारण सांगितलं, जे तीन वर्षं स्वतःला सांगत आलो. जी व्यक्ती इथे राहत नाही तिच्या वाट्याचं धान्य उचलणं गैर, निदान पाटबंधारे खात्यातल्या माणसाने तरी तसं करू नये. हवालदार इतके भारावले की वहीत लिहूनच घ्यायला लागले. तेवढ्यात आई बोलली.

“आपण रेशनचं धान्य शेवटचं कधी आणलं हो?”

मी रोजनिशी ठेवणारा माणूस. उत्तर मला तोंडपाठ होतं. १९९५.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. मग शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचे ठरले, आणि मी तुझा बाप आहे हे सांगायला शेजारच्या यशोदाबाई आणि वरच्या मजल्यावरचे झुंबरराव आले. यशोदाबाईंनी तुझ्या बारशापासून सुरुवात केली. गालफुगी, सायकलवरून पडून फुटलेला गुडघा, दहावीचे पेढे, सगळं आलं. नंतर गाडी वणीला पोचली. यांनी वणीच्या पाहुण्यांना परस्पर लग्नाचा शब्द दिला, पोरीला विचारलं नाही, पोरगी शिष्यवृत्ती घेऊन शिकायला गेली, आणि स्टेशन वीस मिनिटांवर असून हे तिला सोडायला गेले नाहीत. हे सगळं लिहायचं का, असं हवालदारांनी विचारलं. त्या म्हणाल्या, लिहा, आणि ठळक लिहा.

झुंबरराव कमी बोलतात. ते एवढंच म्हणाले, “पोरगी जुने कागद दुरुस्त करायलाच शिकलीय ना? मग बापाचं कार्ड तेवढं करून दे म्हणावं तिला.” हवालदार हसले. आई हसली नाही.

सगळे गेल्यावर मी २००१ ची डायरी काढली. त्या तारखेखाली लिहिलंय, ‘कार्ड दुरुस्त केलं. मन शांत.’ दोन्ही वाक्यं खोटी आहेत. नाव कमी करण्याच्या अर्जावर तीन कारणं छापलेली होती. मृत्यू, विवाह, स्थलांतर. मी स्थलांतरावर खूण केली आणि आपण किती खरं वागतो म्हणून समाधानाने घरी आलो. खरं कारण राग होतं. त्याला रकाना नव्हता. वणीच्या लोकांपुढे माझा शब्द खाली पडला, एवढाच तो राग. परक्या गावात तू काय खात असशील, हा विचार त्या नऊ दिवसांत मी एकदाही लिहिलेला सापडला नाही.

काल तुझं नाव परत चढवायला रेशन कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, मुलगी सध्या इथे राहते का. हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. मी नाही म्हटलं. बाहेर पायरीवर उभा राहून बराच वेळ विचार करत होतो. मी खोटं बोललो नाही, की तुझं नाव दुसऱ्यांदा कमी केलं? अजून ठरलेलं नाही.

तर पत्राचं कारण हे. तू आम्हा दोघांना बोलावलंस तेव्हा तुला यातलं काही ठाऊक नव्हतं. न सांगता येऊन तिथे टाळ्या वाजवणं मला जमणार नाही. आई म्हणते, तुमच्या या खरेपणाने पोरीचा चांगला दिवस नासवाल, गप्प बसा. तिचं बरोबर असेल. मला गप्प बसून तीन वर्षं झाली आहेत.

पासपोर्ट येतील, असं हवालदार म्हणाले. दोन्ही.

रविवारी तुझा फोन वाजला की मी कुंड्यांना पाणी घालायला बाहेर जातो, हे आईने तुला सांगितलं असेलच. जुलैत भर पावसातही घातलं. हे पत्र मिळाल्यावर जो रविवार येईल, त्या दिवशी फोन मी उचलीन. तिकिटं दोन काढू की एक, एवढंच सांग. जास्त काही बोलायला नको. एक म्हणालीस तर आईची बॅग मी विमानतळापर्यंत उचलीन. माझ्या वाटचे वीस किलो बुडाले म्हणून ती दोन दिवस बोलेल, ते ऐकून घेईन.

जबाबावर दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या झाल्या. वडील म्हणून माझी सही त्या कागदांवर कुठे लागलीच नाही. ती इथे करतो.

भारत मोतीराम गांगुर्डे,
साक्षीचे वडील