सहलीचं वृत्त आणि बुडालेले साहेब

प्रिय लघू यास,

तुझ्या गुरूचा वाकून नमस्कार. (आदराने वाकलो असं समजू नकोस. कंबर आता तशीच राहते, त्यामुळे समोर येईल त्याला नमस्कार आपोआप घडतो.) तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की डावा बरा झाला आणि उजवा रुसला. आपल्या वयात दोघांनी एकदम बरं व्हावं अशी अपेक्षा ठेवू नये. एक चालता असला की निम्मा संसार सुरळीत आहे असं समजावं. वहिनींना नमस्कार सांग. इकडे माझी तब्येत ठीक, हिची उत्तम, आणि घरातली हवा मात्र गेले तीन आठवडे ढगाळ आहे. ढग माझ्यामुळे आलेत असं घरात सगळ्यांचं म्हणणं आहे. तू सगळं वाचून मग काय ते ठरव.

आपल्याला लघू-गुरू ही नावं कशी पडली ते तू विसरला नसशीलच. पहिल्या दिवशी मराठीचे मास्तर वर्गात आले, त्यांनी आपल्या बाकाकडे पाहिलं. तू बाकाच्या कडेवरून जेमतेम नाकापर्यंत दिसत होतास आणि माझी मान खिडकीच्या वर गेली होती. मास्तर म्हणाले, हा एक लघु आणि हा एक गुरु, आता वृत्तं शिकवायला सोपं जाईल. आईवडिलांनी ठेवलेली नावं त्यानंतर फक्त हजेरीपटात उरली. भुजंगप्रयात शिकवताना ते टेबलावर डस्टरने ठेका धरायचे, लगागा लगागा लगागा लगागा, एक ठोका हलका आणि दोन जोरकस, आणि प्रत्येक जोरकस ठोक्याला खडूचा लोट उठायचा. चार ओळी संपेपर्यंत मास्तर दिसेनासे होत, फक्त आवाज येई. मला अजूनही कविता म्हटली की आधी शिंक येते. परवा वर्तमानपत्रात वाचलं की आता यंत्रंसुद्धा कविता करतात. मी बराच वेळ विचार करत बसलो की यंत्राला बोटं नसतात, मग ते अक्षरं मोजतं कशावर? शेवटी सूनबाईला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, त्याला मोजावं लागत नाही." मला त्या यंत्राची फार दया आली.

तर सूनबाई. ती गाद्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे हे तुला माहीत आहे. (गादीवर झोपून पाहणं हे तिचं काम असेल असं मी पहिली दोन वर्षं समजत होतो आणि मनातून हेवा करत होतो. प्रत्यक्षात ती दिवसभर उभं राहून शिवणीवरून बोट फिरवते आणि कुठे टाका सुटला ते सांगते.) अकरा वर्षं हे काम केल्यावर यंदा शिलाई विभागाचं प्रमुखपद रिकामं झालं. तिच्या साहेबांनी तिची शिफारस करायची आणि मुख्य कचेरीने महिनाअखेरपर्यंत मंजूर करायची, असं ठरलं होतं. न झाल्यास ते पद कापूस विभागातल्या एका गृहस्थांकडे जाणार, ज्यांना सुई कुठल्या बाजूने धरतात याबद्दल अजून खात्री नाही. पोरीने या पदासाठी किती जीव टाकला ते मी पाहिलंय. घरातल्या उशांच्या शिवणीसुद्धा ती येता-जाता तपासते.

त्याच सुमाराला कारखान्याची सहल निघाली, सहकुटुंब. एका तळ्यावर. मीही गेलो, हीही आली. तळं सुंदर होतं, पाण्यावर वाऱ्याच्या बारीक चुण्या, आणि मी काठावर बसून शाळेतल्या कविता आठवत होतो, त्यामुळे सहलीत नेमकं काय काय झालं ते माझ्याकडून थोडं निसटलं. एक गोष्ट मात्र मी डोळ्यांनी पाहिली. साहेब होडीत उभे राहून माणसं मोजत होते, तेव्हा वाऱ्याने त्यांची टोपी उडाली आणि तळ्यात पडली. बस्स, इतकंच. साहेब कोरडे, चष्मा नाकावर, माणसं मोजून पूर्ण. टोपी गेली.

दुसऱ्या दिवशी सूनबाई कामाला निघताना बूट चढवता चढवता म्हणाली, "बाबा, सहलीचं वृत्त लिहून द्याल का? आमच्या मासिक पत्रिकेत घालायचंय, उद्या छापखान्यात जाणार."

मी विचारलं, "वृत्त कुठलं?"

"सहलीचं हो."

"ते कळलं. पण वृत्त कुठलं?"

"आपलं साधं, नेहमीचं. फार लांबड नको," म्हणाली आणि जिना उतरली.

आता लघू, तूच सांग, यात माझी चूक कुठे? बातमीलाही वृत्त म्हणतात हे मला ठाऊक नाही असं नाही. रोज सकाळी चहाबरोबर मी तेच वाचतो. पण माझ्या डोक्यात त्या शब्दाच्या खुर्चीवर मास्तर साठ वर्षांपासून बसलेले आहेत, ते बातमीला जागा देत नाहीत. मी सरळ कामाला लागलो. लांबड नको म्हणजे शार्दूलविक्रीडित बाद, त्यात ओळ संपेपर्यंत वाचणाऱ्याचा चहा निवतो. मंदाक्रांता विरहाला बरी. गाद्यांच्या कारखान्याला विरह शोभत नाही. साधं, नेहमीचं आणि आटोपशीर म्हणजे भुजंगप्रयात. मला तर वाटलं, पोरीला वृत्तांची किती छान जाण आहे.

अडचण टोपीने केली. भुजंगप्रयातात ओळीचं पहिलं अक्षर लघु लागतं आणि टोपीचा 'टो' आडदांड गुरु. साहेब हा शब्द मात्र असा काही चपखल बसला की मला उठवेना. (तू म्हणशील, 'उडाली' ने सुरुवात करायची होतीस, उडाली म्हणजे स्वच्छ लगागा. बरोबर आहे. मलाही ते तिसऱ्या दिवशी सुचलं.) तेव्हा टोपीऐवजी साहेब घेतले. हे मी तुला लिहून पाठवतो, ठेका धरून वाच:

कसे हाय! साहेब पाण्यात गेले
न टोपी, न चष्मा, न काही निघाले
किनाऱ्यावरी मंडळी स्तब्ध झाली
तरी जेवणाची पहा वेळ झाली

एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मास्तर असते तर खडूच्या ढगातून 'शाबास' आलं असतं. रात्री मी कागद घडी करून सूनबाईच्या पिशवीत ठेवला. तिला दुसऱ्या दिवशी चारशे गाद्या तपासायच्या होत्या, तिने तो न उघडता पाकिटात घातला आणि छापखान्यात धाडला. (न वाचता का धाडला, असं मी एकदा विचारलं. पुन्हा विचारणार नाही.) छापखान्यात पानावर जागा कमी होती, म्हणून जुळाऱ्याने चारही ओळी सलग जोडून एक परिच्छेद केला आणि वर ठळक मथळा दिला: सहलीचे वृत्त. लघू, कवितेचं गद्य केलं की लोक तिला खरं मानायला लागतात, हे मी या वयात शिकलो.

पत्रिका मुख्य कचेरीत पोचली. चौथ्या दिवशी कारखान्याच्या दारात एक भलंमोठं पुष्पचक्र आलं आणि आणणाऱ्याने पोच मागितली. साहेब स्वतः दारात होते, त्यांनी सही करून ते घेतलं. कुणाचं म्हणून विचारलं तर चिठ्ठीवर त्यांचंच नाव. मागोमाग काळ्या चौकटीचं पत्रक आलं, त्यात साहेबांचा मनमिळाऊ स्वभाव, दूरदृष्टी आणि पाण्याची आवड यांचा गौरव होता. साहेबांनी फोन केला. पलीकडच्याने सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि सांगितलं की आपली तक्रार सहीनिशी लेखी पाठवा. त्यांनी लेखी पाठवली. ती परत आली. शेरा असा की सही करणारी व्यक्ती हयात नसल्याने अर्जाचा विचार करता येत नाही, शिवाय त्याच व्यक्तीच्या नावे पुष्पचक्राच्या पोचेवर निधनोत्तर सही आढळली आहे, तिचा खुलासा करावा.

आणि त्याच टपालात, त्याच शेऱ्यासह, सूनबाईची शिफारसही परत आली.

ती घरी आली तेव्हा मी आरामखुर्चीत होतो. तिने पत्रिका माझ्या मांडीवर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला बातमी मागितली होती." मी सांगायला गेलो की टोपीचा 'टो' गुरु असतो. हिने स्वयंपाकघरातून ऐकलं. "चाळीस वर्षं मी तुमच्या कविता ऐकल्या," ती म्हणाली, "तेव्हा निदान कोणी मेलं तरी नव्हतं." चिरंजीव नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रामागे गेले, ते पेपर उलटा धरून होते.

सूनबाई मला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडत नाही. चहा आणून ठेवते, साखर बरोबर असते, आणि निघून जाते. पूर्वी कामावरून आली की सुटलेल्या टाक्यांच्या गोष्टी सांगायची, आता मी विचारलं तर "काही विशेष नाही बाबा" म्हणते. साहेबांकडे मी माफी मागायला गेलो होतो. मनुष्य देवमाणूस आहे. म्हणाले, "आजोबा, माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी आजवर लिहिलं नव्हतं, ते पत्रक मी चौकटीत लावणार आहे. पण तुमच्या सुनेचं काम अडलं याचं वाईट वाटतं." महिनाअखेर आठ दिवसांवर आली आहे. मी सध्या न सांगता भाजी निवडतो, कपडे वाळत घालतो, आणि कवितेची वही ट्रंकेत ठेवून किल्ली हिच्याकडे दिली आहे, वहीला हात लावणार नाही असं वचनही दिलंय. त्याने शिफारस मंजूर होणार नाही हे मला कळतं. पण नुसतं बसवत नाही.

असो. गुडघ्यांना जप. वहिनींना सांग, यायचं मनात आहे, कंबर हो म्हणाली की निघतो.

तुझा,
गुरू

ता. क. तू फार सरळ आहेस, तुला वाटेल मी नुसती खुशाली कळवायला लिहिलं. तर तुझा धाकटा भाचा मुख्य कचेरीत टपाल विभागात आहे असं वहिनींनी मागे एकदा सांगितलं होतं. त्याला कळव की साहेब जिवंत आहेत. त्याने फक्त शिफारशीवरचा तो शेरा खोडायचा आहे. माझं नाव सांगितलंस तरी चालेल, नाही सांगितलंस तर जास्त बरं.

ता. क. २. शुद्धिपत्रही मी तयार करतोय. (वहीत नाही, वाणसामानाच्या कागदावर, तेव्हा वचन मोडलेलं नाही.) अडचण अशी की 'जिवंत' हा लगाल, 'हयात' हाही लगाल, आणि भुजंगप्रयातात लगाल बसत नाही, त्यामुळे साहेबांना मी अजून जिवंत करू शकलेलो नाही. 'न मेले' बसतं, पण ते त्यांना आवडणार नाही. तुला काही सुचलं तर उलट टपाली कळव.

ता. क. ३. (वेगळ्या अक्षरात)

काका, नमस्कार. मी सूनबाई. बाबांनी पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. आता या घरातून लिहिलेलं काहीही मी वाचल्याशिवाय बाहेर जाऊ देत नाही, म्हणून उघडलं. राग मानू नका. भाच्याला काही सांगू नका. सोमवारी साहेब स्वतः मुख्य कचेरीत जाऊन उभे राहिले, तेव्हा त्यांना जिवंत धरलं, आणि माझी शिफारसही मंजूर झाली. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते भाजी फार छान निवडतात, महिनाअखेरपर्यंत चालू द्यावं असं आईंचं आणि माझं मत पडलं.

एक घोटाळा मात्र माझ्या हातून झालाय. साहेबांना त्या चार ओळी पाठ आहेत, त्यांनी तिथे त्या म्हणून दाखवल्या. काल तिथून फोन आला, की दर महिन्याला असंच वृत्त पाठवत जा. मला ऐन वेळी काही सुचेना, म्हणून कवी वारले असं सांगितलं. ओळख निघाली तर फोनवर तुमचा भाचाच होता आणि त्याने ते लिहून घेतलं. तो तुम्हाला कळवील, तेव्हा घाबरून निघू नका. बाबा ठणठणीत आहेत. फक्त दोन ओळींचा शोकसंदेश तेवढा मुख्य कचेरीच्या पत्त्यावर पाठवा, म्हणजे त्यांची खात्री पटेल. गद्यात.