मागच्या सीटवरचे गिऱ्हाईक

दि. १४ ऑक्टोबर, रविवार

प्रिय ताईस,

सादर नमस्कार. डोळ्याच्या ऑपरेशननंतर वाचायला त्रास होऊ नये म्हणून मुद्दाम ठळक अक्षरात लिहीत आहे. हे पत्र भावोजींकडून वाचून घेऊ नकोस. आधी तू एकटीने वाच.

इकडे सर्व क्षेम. तुझी भावजय म्हणते, की मी हल्ली जेवतानाही मोटारींच्या दारांचा विचार करतो. खोटे नाही. आमची ही आलिशान मोटार या देशात अजून कोणी पाहिलेली नाही, आणि तिच्यासाठी शहरोशहरी विक्रेते नेमण्याचे काम माझ्याकडे आहे. अर्ज आला, की न सांगता गिऱ्हाईक म्हणून त्या दुकानात जायचे, ही माझी पद्धत. एका ठिकाणी फरशी इतकी चकचकीत होती, की लोक दारातूनच माघारी फिरत. मालक म्हणाला, "साहेब, गर्दी नको म्हणूनच केलीय!" बहुतेक गिऱ्हाइके इंजिनाचे नावही काढत नाहीत, दार लावून त्याचा आवाज ऐकतात, पुन्हा उघडून पुन्हा ऐकतात. त्या आवाजात त्यांना काय सापडते, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

भावोजींचाही अर्ज आला आहे. ते मला लांबून चालीवरून ओळखतात, म्हणून त्यांच्या सध्याच्या मोटारींच्या दुकानात आमच्या हिशेबनीस बाईंना त्यांच्या आईसह पाठवले. भावोजींनी बाईंना थेट मागच्या सीटवर बसवले.

"अहो, पण चालवणार मी आहे," बाई म्हणाल्या.

"चालवणाऱ्याला गाडी आवडतेच हो. घरी बोलणी खावी लागतात ती मागच्यांची. आधी त्यांच्या जागी बसून बघा." मग बाईंच्या आईकडे वळून, "आजी, गुडघा पुढे टेकतोय का? खरं सांगा, लेकीकडे बघू नका."

"टेकतोय बाबा."

"मग ही गाडी तुमची नव्हे!" असे म्हणून त्यांनी महागडी सोडून स्वस्तातली दाखवली. परतताना आजी लेकीला म्हणाल्या, "गाडी राहू दे गं, तो माणूसच घरी घेऊन चल."

निवड समितीपुढे मी हे सारे वाचले, आमचे नाते सांगितले आणि मतदानातून बाजूला झालो. लोक हसतील असे वाटले होते. पण मोठे साहेब खुर्चीत सरळ झाले. "आपली गाडी घेणारा मागेच बसतो. एवढ्या अर्जांत हे एकालाच कळलंय!" भावोजींची निवड एकमताने झाली. अभिनंदन.

हा शब्द लिहून मी उठलो, चहा करून घेतला आणि पुन्हा बसलो. मुद्दा पुढे आहे.

गाड्यांचे काचेचे दालन विक्रेत्याने स्वखर्चाने बांधायचे, ही कंपनीची अट आहे. भावोजींनी त्या कर्जाला तारण म्हणून राहते घर दाखवले आहे. ते तुझ्या नावावर आहे. त्यांनी तुला विचारले आहे का, हे मला खरोखर ठाऊक नाही. अर्जात फरशीच्या रंगापासून कॉफीच्या कपापर्यंत सर्व विचारले आहे. त्या घरात राहणाऱ्या बाईला काय वाटते, हे कुठेच विचारलेले नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी बाहेर सांगण्याची मला मुभा नाही. दुसऱ्या एका देशात हीच गाडी खपली नाही, तेव्हा कंपनीने वर्षभरात गाशा गुंडाळला. दालने विक्रेत्यांच्या गळ्यात पडली. इथे तसे होईलच असे नाही. होणार नाही, असे म्हणता येईल का, हे मी आठवडाभर शोधले. तसे म्हणता येत नाही.

तेव्हा, ताई, कागद येतील तेव्हा सही करू नकोस. भावोजी चिडतील. "मेहुण्यानंच पाय ओढला," म्हणतील. म्हणू देत. पण त्यांच्या तोडीचा विक्रेता मला उभ्या देशात दिसला नाही, हेही त्यांना माझ्या नावाने सांग.

उद्या हे पत्र टपालात टाकून मी मोठ्या साहेबांना ते लिहिल्याचे सांगणार आहे. चोरून केलेले मला पचत नाही. पुढे ही खुर्ची राहील की जाईल, याचे मला कुतूहल आहे. भीती का वाटत नाही, याचे त्याहून अधिक.

निवडीचे पत्र कंपनीच्या शिक्क्यासह वेगळे येईल. ते भावोजींचे. हे तुझे.

आई-बाबांमागे ज्याला तुझे घर हेच माहेर उरले आहे, असा

तुझा धाकटा भाऊ