डाव्या कुशीवरचा व्रण

आई, तुझ्यावर इतकी चिडले आहे, आणि भांडायला तू समोर नाहीस.

पित्ताचे खडे काढले की लोक ते बाटलीत घालून घरी आणायचे, आल्यागेल्याला दाखवायचे. मी शाळेत असताना तू बाबांबरोबर मुंबईला जाऊन खड्यांचं ऑपरेशन करून आलीस, तेव्हा मीही बाटली मागितली. तू ओट्याशी पोळ्या लाटत होतीस. "फेकले गं, घाण ती," म्हणालीस. त्याच सुमारास तुझा भाऊ, आमचे मामा, मुंबईच्या औषधांनी बरे झाले, एवढंच आम्हाला माहीत.

आता मी सातपूरच्या एका ऑफिसात परदेशातल्या पेशंटचे चार्ट, म्हणजे केसपेपर, वाचून त्यांच्या आजारांना विम्यासाठी ठरलेले कोड लावते. परवा एका चार्टवर ऑपरेशन पित्ताशयाचं आणि व्रण डाव्या कुशीवर. आमच्या मॅडमनी तो परत पाठवायला लावला. "पित्ताशय उजवीकडे असतं. डाव्या कुशीतून किडनी काढतात." तुझी पाठ चोळताना तो व्रण मी कितीदा पाहिलाय, डाव्या कुशीवरून पाठीकडे गेलेला.

मामांना किडनी दिलीस, आणि आम्हाला खडे सांगितलेस? तुझ्या गुडघ्यांसाठी गोळ्या लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला मी सांगायचे, पित्ताशय काढलंय. ते तसंच केसपेपरवर लिहायचे आणि तू शेजारी बसून मान डोलवायचीस! एकच किडनी असलेल्या बाईला वर्षानुवर्षं किडनीला मारक अशा त्या गोळ्या कुणी दिल्या असत्या का? गेलीस तीही किडनीनंच, दोन दिवसांत, तपासण्या पुऱ्या व्हायच्या आत. मला अजून खरं वाटत नाही.

रविवारी पिंपळगावला गेले. मामा नुकतेच द्राक्षांच्या पॅकहाउसमधून आले होते. मी सरळच विचारलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तिनं शपथ घातली व्हती. सासूला कळलं असतं तर तिचं माहेर तुटलं असतं." मला खूप बोलायचं होतं. पण तेच माझा हात धरून म्हणाले, "पोरी, लय दिवस विचारायचं व्हतं, धीर नाय झाला. ती माझ्यापायी तर नाय ना गेली?"

निदानात एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी मी चार्ट पुढे जाऊ देत नाही. मी म्हटलं, "नाही मामा. हार्ट अटॅक होता." जराही अडखळले नाही.

हे पत्र आता फाडून टाकते. मामा दिवाळीला येतात, त्यांच्या हाती लागायला नको.