वय चौदा, तालुका उमरखेड

गुरुवार, ८ जानेवारी

कात्री मागितली त्यांनी माझ्याकडे. माझ्याच टेबलावरची. मी दिली नाही — आज एवढंच चांगलं झालं.

'आपलं वय' या मुलामुलींच्या मासिकाचा जानेवारी अंक. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष किसनराव काल घरी नेलेला तो अंक दोन बोटांत धरून आले. "मॅडम, बावीस-तेवीस हे दोन पानं कापून टाका. बाकी अंक चांगला हाय." काकडीचं कडू टोक कापावं तसं!

पान बावीसवर 'तुमचे प्रश्न' हे सदर असतं. परीक्षेची भीती, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या, मैत्रिणीशी अबोला. या वेळी एक पत्र आहे. उतरवून ठेवते, उद्या अंक राहील की नाही कोण जाणे.

"आई शेतात गेली की मी घरी जात्यावर दळत बसते. आमच्याच नात्यातले एक जण तेव्हा येतात. दळू लागतो म्हणून मागे बसतात आणि नको तिथे हात लावतात. मी ओरडले नाही. जातंही थांबवलं नाही. मग माझी पण मर्जी होती असं होतं का?"

खाली — एक वाचक, वय चौदा, तालुका उमरखेड.

उत्तर एका डॉक्टरबाईंचं आहे. साधं. नाही, असं होत नाही. घाबरून गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. चूक तुझी नाही. विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांग. खाली मदतीचा फोन नंबर. तेवीस पानावर संमती म्हणजे काय, ते मुलग्यांनाही कळेल असं लिहिलंय. मी तीनदा वाचलं. एक शब्द वावगा नाही.

किसनरावांना प्रश्नाशी घेणं नाही, उत्तराशी नाही. खटकलं ते 'तालुका उमरखेड'. "आपल्या भागाचं नाव खराब झालं." असं घडलं म्हणून नव्हे. छापून आलं म्हणून!

शुक्रवार, ९ जानेवारी

काल लिहिलं ते अर्धंच खरं. हा अंक दोन तारखेलाच आला होता. मी तीन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. शिक्का मारायचा राहिलाय, असं स्वतःला सांगितलं. शिक्का मारायला किती वेळ लागतो?

त्या टेबलावर सहावीतली मुलंही बसतात. अकरा वर्षांची. त्यांनी वाचलं तर? हा प्रश्न मला खरंच पडला होता, अजूनही पडतो. पण अकरा वर्षांच्या मुलीच्या मागे येऊन बसणारा तिचं वय विचारतो का?

शेवटी पाच तारखेला अंक टेबलावर ठेवला, तोही वर्षाने विचारलं म्हणून. वर्षा नववीत आहे. बंजारा तांड्यावरून बसने इथे ढाणकीला येते. शाळा सुटल्यावर बसला पाऊण तास असतो, तो ती इथे काढते. "मॅडम, या महिन्याचा आला नाही का?" मग कुठे हात ड्रॉवरकडे गेला.

म्हणजे त्यांची कात्री आणि माझा ड्रॉवर. फरक किती?

संध्याकाळी मैत्रेयीशी फोनवर बोलले. लेक यवतमाळला नर्सिंग शिकते, तिला हे पटेल म्हणून तावातावाने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मला पाळी आली तेव्हा तू काय सांगितलंस आठवतं? पॅडचं पाकीट पेपरात गुंडाळून दिलंस आणि म्हणालीस, बाबांसमोर नको. बस्स. माझं लैंगिक शिक्षण संपलं."

हसत म्हणाली. मला हसू आलं नाही.

शनिवार, १० जानेवारी

कात्री पर्समध्ये टाकून घरी आणली. वेडेपणा आहे. तरी आणली.

मंगळवार, १३ जानेवारी

आता त्यांना पान नको आहे. मुलगी हवी आहे.

किसनराव आणि अमर दुपारी आले. अमर कार्यकारिणीत आहे, स्टँडसमोर त्याचं मोबाइलचं दुकान. अमरचा तर्क असा — पत्र लिहिणारी हे मासिक वाचत असणार. ते इथे येतं. इथे वाचणाऱ्यांच्या सह्या असतात. "रजिस्टर काढा मॅडम, दोन मिनिटांत पोट्टी सापडते."

"सापडून काय करणार?" मी विचारलं.

"मायबापाले समज देऊ," किसनराव म्हणाले. "घरातली गोष्ट घरात ठेवा लागते म्हणून."

"आणि तो नातेवाईक?"

"त्याचं नाव कुठं हाय त्याच्यात?"

मग अमर म्हणाला, "जातं लिवलं हाय न काका. गावात कोन दळते आता जात्यावर? तांड्यावरचीच असन."

दोघांनाही ते एकदम पटलं. किती सोय झाली! ढाणकी सुटली.

मी म्हटलं, रजिस्टर कपाटात आहे, किल्ली घरी राहिली. किल्ली माझ्या मुठीत होती. अकरा वर्षांत इथे पहिल्यांदा खोटं बोलले.

आणि ते रजिस्टर! तपासणीला फक्त तारीख, नाव आणि सही लागते. चौथा रकाना, 'काय वाचले', तो माझा. पट्टीने रेघ मारून मी तो पाडला, मुलांची आवड कळावी म्हणून. तपासणीच्या साहेबांनी कौतुक केलं होतं तेव्हा आठवडाभर हवेत होते. आता त्याच रकान्यात 'आपलं वय'समोर दहा नावं आहेत. सात मुलींची. वर्षाचं तीनदा.

त्यांच्यासाठी यादी मीच तयार करून ठेवली आहे. सुवाच्य अक्षरात.

अमरच्या दुकानात शाळेतली पोरं मोबाइलमध्ये काय भरून घेतात ते सगळ्या ढाणकीला माहीत आहे. त्याची सभा कुणी घेत नाही; या पत्राची मात्र रविवारी. गेल्या मे महिन्यात दोन लग्नांत किसनराव फेटा बांधून पहिल्या रांगेत होते, दोन्ही नवऱ्या मुलींचा दहावीचा निकालही लागला नव्हता. मासिकात 'शरीर' शब्द आला की वय आडवं येतं. मांडवात येत नाही.

बुधवार, १४ जानेवारी

किसनरावांच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू. आमच्याकडे हे नसतं, पण हंसाबाई — किसनरावांची बायको — दरवर्षी वाट अडवून आत नेतात आणि तिळगूळ देतात. साठीच्या आहेत. त्यांना मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नाही. वाचनालयाचे जुने अंक किसनराव घरी नेतात, ते त्यांच्या फळ्यांवर अंथरलेले असतात. आजही डब्यांखालून 'आपलं वय'चं एक मुखपृष्ठ दिसत होतं.

हंसाबाईंनी हळू आवाजात विचारलं, "सापडली का हो ते पोरगी?"

"नाही, आणि सापडू नये," मी जरा तोडूनच बोलले.

"नाई, म्या असंच इचारलं." मग, "ते उत्तर देनारी बाई खरीखुरी डॉक्टर हाय का?"

"खरी आहे."

"मंग बरं."

घराघरांत हीच चर्चा चाललेली. सगळ्यांना उत्सुकता, कळवळा कुणालाच नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

वर्षा तीन दिवस आली नाही. अमरच्या दुकानातून गोष्ट तांड्यावर पोचली. तांड्यावरची आणि वाचनालयात बसणारी, म्हणून पोरांनी तिच्यावरच बोट ठेवलं. आज तिची मैत्रीण सांगून गेली — बापाने शाळाच बंद केली, उन्हाळ्यात लग्न उरकू म्हणतोय.

शनिवार, १७ जानेवारी

दुपारच्या बसने तांड्यावर गेले. नसते गेले तर स्वतःला तोंड दाखवता आलं नसतं.

वर्षाचे वडील रामसिंग ओसरीवर बसून होते, कापूस वेचणाऱ्या बायांचा हिशोब अर्धवट सोडून. बसा म्हणाले, पाणी दिलं, माझ्याकडे पाहिलं मात्र नाही. आई लालीबाईच बोलली.

"मॅडम, तुमचं पुस्तक बराबर असन. मी वाचलं नाई, मले येत नाई. पन नाव आमच्या पोरीचं गेलं. बसमध्ये पोट्टे तिले जात्यावाली म्हणून राह्यले. तुमी तिकडं पंख्याखाली बसून चांगलं-वाईट ठरवता. बसमध्ये तर आमची पोरगी बसते."

  मासिकाने तालुका छापायला नको होता, हे आता पक्कं वाटतं. नुसतं 'एक वाचक' पुरलं असतं. आपण बरोबर असलो की कुणाला झळ लागेल, हा हिशोब करायचा आपण विसरतो.

वर्षा दारात उभी होती. "मॅडम, मी नाही लिहिलं. लिहिलं असतं तर नाव टाकलं असतं." लालीबाई म्हणाली, "पाहा, अशी बोलते, म्हणून तर भेव वाटते." पोरगी आईला म्हणाली, "याडी, खरं बोलली तरी भेव?" रामसिंग पहिल्यांदा किंचित हसले. 

आता लाज वाटावी असं. बोलता बोलता माझी नजर घरभर फिरत होती. चुलीमागे, कोपऱ्यात. मी जातं शोधत होते! किसनरावांचं काम मी करत होते, त्यांच्यापेक्षा नीट.

जातं नव्हतं. गिरणीतून आणलेल्या पिठाचा डबा होता. शेजारच्या घरात विजेवरची चक्की चालू होती, सगळा तांडा तिथेच दळतो.

मग जातं आहे कुणाकडे?

रविवार, १८ जानेवारी

कार्यकारिणीची सभा झाली. मी म्हटलं, रजिस्टर वाचनालयाचं आहे, तपासणीला दाखवीन. मुलांची नावं कुणाच्या घरी समज द्यायला देणार नाही. आणि तांड्यावर कुणाकडे जातं नाही, मी पाहून आले.

अमर म्हणाला, "मॅडमले कायले एवढा पुळका? घरचंच प्रकरन हाय का?" दोघे-तिघे हसले. मैत्रेयीबद्दल बोलत होते. 

किसनराव हसले नाहीत, हे लिहायला हवं. त्यांनी अमरला गप्प केलं. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी रजिस्टर टेबलावर पायजे. नाहीतर राजीनामा. मी काई वाईट करून राह्यलो नाई, मॅडम. गावाचंच पाहून राह्यलो."

त्यांना ते खरंच तसं वाटतं. तेच जास्त संताप आणतं.

मंगळवार, २० जानेवारी

रजिस्टरमधलं ते दहा नावांचं पान फाडून टाकावं? आज वाचनालय बंद झाल्यावर पान धरलंही होतं. पहिल्या पानावर माझ्याच सहीने दाखला आहे — या रजिस्टरमध्ये दोनशे पाने आहेत. हात आखडला.

रवी म्हणाला, "फाड ना. कोण मोजतं?" नवऱ्याला सोपं वाटतं. पण मी विचार करत बसले की मला नक्की काय वाचवायचं आहे — सात मुली की माझा स्वच्छ दाखला? उत्तर चांगलं आलं नाही.

राजीनामा लिहिला. चार ओळी. रजिस्टर मात्र द्यायचं नाही, घरी नेऊन ठेवायचं. मग चोरीचा आळ आला तर येऊ दे.

आणि मग नवा ग्रंथपाल येईल. कात्रीसकट.

गुरुवार, २२ जानेवारी

वर्षाला बघायला पाहुणे येणार म्हणे. सोमवारी.

शनिवार, २४ जानेवारी

दुपारी हंसाबाई आल्या. वाचनालयात पहिल्यांदाच. आत कुणी नव्हतं, तरी खुर्चीच्या टोकावर बसल्या. म्हणाल्या, "तांड्यावरच्या पोरीले पाहाले पाव्हने येऊन राह्यले, आयकलं. खरं हाय?"

मी हो म्हटलं.

त्यांनी पदर बोटाला गुंडाळला. "जातं म्हाया माहेरी व्हतं. लगन व्हायच्या पयले. आता शेचाळीस वर्स झाले. फळीवरचा कागद बदलताना त्या बाईचे उत्तरं दिसले, म्हनलं आपुनबी इचारून पाहावं. वय चौदाच लिवलं. तवा तेवढीच व्हती ना मी."

 पुढे म्हणाल्या, "गप बसनं म्हंजे हो नसते, असं लिवलं तिनं. इतके वर्स मले वाटे, जातं थांबवा लागत व्हतं."

मग रजिस्टर मागितलं. सातवीपर्यंत शिकलेलं, गोल, सावकाश अक्षर. तारीख. नाव — हंसाबाई किसनराव. सही. चौथ्या रकान्यात काय लिहायचं ते मी सांगितलं नव्हतं. त्यांनी वरच्या नोंदी पाहून लिहिलं — 'आपलं वय', पान बावीस.

पेन बंद करून माझ्या हातात दिलं.

"उद्या द्या त्याईले रजिस्टर. मीबी येतो."