तीनशे पायऱ्या

लोहारा, शनिवार संध्याकाळ

याडी, तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

तुझा फोन ठेवला आणि तसाच लिहायला बसलो. बोलायला धीर झाला नाही. धाकटी रंजिता हे वाचून दाखवील. तिच्यापुढे लाज वाटेल, तरी वाचू दे.

इथे सगळं ठीक आहे. खोकला गेला. उद्या कारखान्यातले आम्ही दहा जण गाडी करून तो मोठा हनुमान पाहायला जाणार, रात्रीपर्यंत परत येऊ.

तुला नेतो म्हणालो होतो. मग सांगितलं, तीनशे पायऱ्या आहेत, तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही. आज तू म्हणालीस, "आठ दिवसांपासून तांड्यामागची टेकडी चढून राह्यली मी. दम लागते, पण जमते. तू थोडाच मले खांद्यावर नेशील?" आणि हसलीस.

याडी, तिथे पायऱ्या नाहीत. मूर्ती रस्त्याच्या कडेलाच आहे, गाडीतूनही दिसते. तुझी जागा मी साहेबांच्या आईला दिली. त्यांनी मागितली नव्हती, मीच पुढे होऊन म्हणालो. त्यांचेही गुडघे दुखतात.

आता टेकडी चढू नकोस. तेल लावतेस ना? बकरी व्याली का?

तुझा मुलगा,
संजय

रविवार सकाळ. गाडी साहेबांच्या आईला घेऊन सहाला गेली. मी महागावच्या बसमध्ये आहे. पत्र रंजिताकडे देणार नाही, मीच तुला वाचून दाखवीन.