पूर्ण वाक्यात बोलत चालावे

तीर्थस्वरूप ताई,

इथूनच नमस्कार. वाकून केला असं समज, कारण सध्या मला गळ्यापासून नाकापर्यंत मफलरात असं आवळलेलं आहे की वाकलो तर सरळ होणं माझ्या हातात राहत नाही. तुझी तब्येत विचारत नाही. विचारली की तू ‘बरी आहे’ म्हणतेस आणि फोन सुनेच्या हातात देतेस. मग ती दाराआड जाऊन हळूच सांगते, की तुझं हृदयही माझ्यासारखंच मध्येच अडखळायला लागल्यापासून, डॉक्टरांनी चालायला सांगूनसुद्धा, तू थंडीच्या भीतीनं फाटकापर्यंतही जात नाहीस. म्हणून हे पत्र. पत्र सुनेच्या हातात देता येत नाही. (येतं म्हणा, पण तू देणार नाहीस. पुढे तिच्याबद्दल काय लिहिलंय याची तुला धास्ती असेल.)

आता माझ्यावरचा अन्याय ऐक. माझा हृदयाचा डॉक्टर तुला आठवत असेल. लहानपणी माझ्या दवाखान्यात खुर्चीवर बसून ज्यानं माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला होता, तोच हा. उभ्या आयुष्यात हजारो तोंडांत डोकावलो, पण लक्षात राहिलाय तो हा एकच जबडा. तो आता मला ‘काका’ म्हणतो आणि हुकूम सोडतो. म्हणाला, थंडीत चाला, पण आधी घरातच हातपाय हलवून अंग गरम करा, नाकातोंडावर मफलर घ्या, चढावर घाई करू नका, आणि चालताना पूर्ण वाक्य बोलता येईल एवढ्याच वेगानं चाला. वाक्य तुटलं की वेग कमी. म्हणजे तोंड बांधायचं आणि वर बोलायचंही! दात दाखवायला आलेल्या कुणाशीही मी इतका निर्दय वागलो नाही. (वागलो असेन. पण त्यांना चालायला लावत नव्हतो.)

अंग गरम करायचं म्हणून मी स्वयंपाकघरात ओटा धरून गुडघे उचलतो. खालच्या मजल्यावरचे शिंपी काठीनं छत ठोकतात. सकाळी उठून आपल्याच घरात आपलेच गुडघे उचलायचीही सोय राहिली नाही! आणि वाक्यांचं खातं तुझ्या भावजयीनं स्वतःकडे घेतलं. पण इतक्या वर्षांच्या संसारात पूर्ण वाक्य शिल्लक असतं का? अर्ध्यातच समोरच्याला कळतं आणि कळलं की राग येतो. ती म्हणाली, वाक्य पूर्ण करा. केलं. ते तिच्या भावाविषयी होतं. औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर तिनं राजीनामा दिला आणि मला तिथेच सोडून घरी गेली.

मग तिनं शेजारच्या निवृत्त विमेवाल्यांना माझ्या मागे लावलं. त्यांना हृदयाचा कसलाही त्रास नाही, आणि जिभेचा तर नाहीच नाही. ‘काय डॉक्टर, जमतंय ना?’ असं विचारतात आणि माझा मफलर खाली व्हायच्या आत ‘जमणारच!’ म्हणून पुढे सुरू होतात. दवाखान्यात मी लोकांच्या तोंडात कापूस कोंबून ‘दुखत नाही ना?’ विचारायचो, त्याचा हा सूड आहे, असं तुझी भावजय म्हणते. पण मी निदान कापूस काढल्यावर उत्तर ऐकून घ्यायचो!

शेवटी दोघांनाही चुकवून एकटाच निघालो आणि मोठ्यानं वाक्यं म्हणू लागलो. ‘आज वारा बोचरा आहे आणि माझा त्यात काही दोष नाही,’ अशी साधीच वाक्यं. समोरून येणाऱ्या बाईंनी आपला कुत्रा उचलून कडेवर घेतला.

परवा तर कहर झाला. पुलाच्या चढावर माझ्याहून वयस्कर एक गृहस्थ, काठी टेकत टेकत, मला मागे टाकून गेले. गेले तर गेले, वर वळून म्हणाले, ‘सावकाश या हं!’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना गाठलं, मागेही टाकलं. पण मफलर सुटला, गार वारा सरळ छातीत शिरला, आणि आत कुणीतरी पिशवीत जिवंत मासा टाकल्यासारखं झालं. कठड्याजवळच्या बाकावर बसलो. खरं सांगतो ताई, घाबरलो. काठीवाले धापा न टाकता (हे मुद्दाम नोंदवतो) आले आणि म्हणाले, ‘कुणाला बोलावू?’ पत्नीला बोलवा, तिचा नंबर अमुक, असं पूर्ण वाक्य मनात तयार होतं. तोंडातून एकच शब्द निघाला.

पुढे काठीवाल्यांनी गाडी बोलावली, मला इस्पितळात नेलं, ठोके ताळ्यावर आले. चावऱ्या डॉक्टरनं अर्धा तास झापलं. चावला नाही एवढंच. उद्यापासून सपाट रस्त्यानं, सोबतीनंच आणि गोगलगाईच्या चालीनं चालायची परवानगी आहे. हा पाणउतारा मी निमूट सोसणार आहे, हे सगळ्यांना कळव.

तुझा धाकटा,
मफलरातून

ता. क. विमेवाले माझ्यासोबत चालतील, पण त्यांच्याबरोबर मला बोलायला मिळत नाही. तेव्हा रोज उजाडलं की मी तुला फोन करीन. तू मफलर गुंडाळून, घरात जरा हातपाय हलवून, फोन कानाला लावून फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं. दोघांनीही पूर्ण वाक्यात बोलायचं. तुझं वाक्य तुटलं तर मीही थांबेन. फाटकापर्यंत तुझ्या डॉक्टरांची हरकत नाही, हे सुनेकडून काढून घेतलंय, ती सबब नको. आईही ‘जरा टेकते’ म्हणत म्हणत शेवटी खिडकीपाशीच्या खुर्चीतच राहिली. तुला त्या खुर्चीत बसलेलं मला बघवणार नाही.

ता. क. दुसरा. तुझ्या भावजयीला दोन गोड ओळी लिही. परवापासून ती माझ्याशी एकेका शब्दातच बोलते. इस्पितळात काठीवाल्यांनी तिला सांगून टाकलं, की बाकावर मी ‘ताई’ म्हणालो. वाक्य पूर्ण झालं असतं तर तिचंच नाव आलं असतं, असं मी तिला पटवतोय. तू काही बोलू नकोस. फक्त सकाळी फोन वाजला की तो सुनेच्या हातात देऊ नकोस.