पुलावर थांबायला मनाई नाही

दादा, आणि सीमेवरच्या नाक्याच्या रांगेत उभं राहून ज्यांचे पाय सुजले अशा माझ्या समस्त बंधु-भगिनींनो,

(हात सवयीने लिहून गेला. इतकी वर्षं व्यासपीठावरून बोलल्यावर एकाच माणसाशी कसं बोलायचं हेच विसरायला होतं. तरी खोडत नाही, कारण त्या रांगेत आपण दोघंही होतो. मावशीच्या लग्नाला निघालो होतो, आठवतं? नाक्यावरच्या साहेबाला आईच्या कागदावरचा फोटो आईसारखा वाटेना, आणि आपण पोचलो तेव्हा लग्न लागून, मंडळी जेवून, नवरी सासरीसुद्धा गेली होती. उरला होता फक्त मंडपवाला, त्याने आपल्याला आहेर कुठे ठेवायचा ते दाखवलं. त्या रांगेबद्दलचा राग आपल्या दोघांचा सारखाच आहे. पुढे त्या रागाचं तू दुकान काढलंस आणि मी भाषण केलं, एवढाच फरक.)

तर दादा, नमस्कार. तुझी साखर कशी आहे? वहिनी म्हणते, ‘आटोक्यात आहे’, पण वहिनी तुझ्याविषयी माझ्याशी बोलताना परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्यासारखी बोलते. त्यातून काय कळायचं? आई ठणठणीत आहे, गुडघे सोडून. गुडघ्यांविषयी ती रोज सकाळी स्वतंत्र निवेदन काढते. मला काय धाड भरलीये? माझा आवाज अजून मागच्या रांगेपर्यंत पोचतो, आणि तू ज्या दिवसापासून मला ‘तोफ’ म्हणेनासा झालास त्या दिवसापासून घरात मला टोपणनावच उरलेलं नाही.

दोन्ही देशांचा सीमा खुली करण्याचा करार झाला आणि तू बोलणं टाकलंस. टाकणारच. तू नदीपलीकडे क्लिअरिंग एजंट: ट्रकवाल्यांचे कागद तयार करायचे, नाक्यावरच्या साहेबांची मर्जी सांभाळून शिक्के मारून आणायचे, आणि त्यावर घर चालवायचं. मी ज्याच्या नावाने गावोगाव घसा फोडत होते तो नाका म्हणजे तुझी रोजीरोटी. एकाच आईच्या पोटी दोन मुलं जन्मली, एक दाराला कडी लावणाऱ्यांच्या भरवशावर जगलं आणि दुसरं दार उखडायला निघालं. वहिनीचा परवा फोन आला. म्हणाली, ‘रोज वेळेवर डबा घेऊन कचेरीत जातात, शटर आतून खाली ओढतात आणि संध्याकाळपर्यंत बसून राहतात. दिवासुद्धा लावत नाहीत हो.’ प्रवक्त्याचा सूर नव्हता तो. दादा, मला तू त्या अंधारातून बाहेर यायला हवा आहेस. हे पत्र त्यासाठीच आहे. मधेच मी इतिहासात शिरले तर सांभाळून घे, मी नेहमीच शिरते.

आज सकाळी सीमा उघडली. तुला माहीतच आहे, तुझ्या खिडकीतून पूल दिसतो. पण खिडकीला पडदा असणार, म्हणून सांगते. समारंभ ठरल्याप्रमाणे झाला, म्हणजे ठरलेलं काहीच झालं नाही. पुलाच्या मधोमध व्यासपीठ आणि त्यावर माझं भाषण, विषय ‘शेजारी देशांच्या एकत्र येण्याचा इतिहास’. ध्वनिक्षेपक आपल्या बाजूचा, वीज तुमच्या बाजूची. ऐनवेळी लक्षात आलं की आपली पिन तीन काट्यांची आणि तुमचं भोक दोन काट्यांचं. (तहाच्या मसुद्यात मासळीपासून मेंढीच्या लोकरीपर्यंत सगळ्यावर कलमं आहेत, पण काट्यांवर नाही.) दोन्हीकडचे वायरमन खाली बसले, आणि दोघांनीही आपापला काटा कसा शास्त्रशुद्ध आहे हे एकमेकांना पटवायला सुरुवात केली. दोन्हीकडचे नगराध्यक्ष घामाघूम. शेवटी अडसर वर उचलला, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि सीमा बिनभाषणाची उघडली.

आणि मग काय झालं असेल? लोक धावले असतील? नाही रे. लोकांनी रांग लावली.

नाक्याची खोली रिकामी होती. खुर्चीसुद्धा उचलून नेली होती, काचेमागे फक्त भिंतीवर कॅलेंडरचा खिळा. आणि त्या काचेसमोर, हातात कागद धरून, शिस्तीत, पुढच्याच्या मानेकडे बघत, अख्खं गाव उभं. कोणी सांगितलं नव्हतं. पहिला माणूस काचेपाशी थांबला म्हणून दुसरा थांबला. पलीकडच्या टोकाला तुमचंही गाव तसंच रांगेत. आणि मी? जिने ही रांग मोडण्यासाठी आयुष्य घातलं ती मीसुद्धा रांगेत होते दादा, आईचा दंड धरून, कागद फोटोच्या पानावर उघडून! आपण गळ्यातलं दावं सोडायला शिकवतो, पण मानेला कोण शिकवणार?

आता एवढी माणसं समोर, तीही हलू न शकणारी. मी बोलायला सुरुवात केली. सांगितलं त्यांना, की जर्मन राज्यांनी पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी जकात संघ केला, तेव्हा नव्या वर्षाच्या रात्री नाक्यांसमोर मालाच्या गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि बाराच्या ठोक्याला अडसर उठले तेव्हा गाडीवानांनी जल्लोष केला. सांगितलं, की ज्या फ्रान्स-जर्मनीने एकमेकांची पोरं खंदकात पुरली, त्यांनी महायुद्ध संपून दहा वर्षं व्हायच्या आत आपला कोळसा आणि पोलाद एकाच मंडळाच्या हाती दिलं. म्हणजे ज्यापासून तोफा होतात तेच सामायिक केलं! ब्राझील आणि अर्जेंटिना हे जुने स्पर्धक. त्यांनी आपापल्या अणुभट्ट्यांची दारं एकमेकांच्या तपासनिसांना उघडली. पूर्व आफ्रिकेतल्या तीन देशांचा संघ भांडणात फुटला, रेल्वे वाटली, विमानं वाटली, आणि दोन दशकं उलटल्यावर तेच तीन देश परत एका टेबलाशी बसले. ‘काडीमोड घेतलेली तीन माणसं पुन्हा एकत्र घर करतात, हे कुठल्या कुटुंबात पाहिलंय का तुम्ही?’ मी गरजले. हे मी पुस्तकांत कितीदा वाचलंय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो. माणूस हा प्राणी मुळात कुंपण घालणारा, आणि तोच कधीतरी, कोणी डोक्याला बंदूक न लावता, स्वतःच्या हाताने कुंपण काढतो. याहून मोठं आश्चर्य मला तरी ठाऊक नाही.

‘झालं?’ आई म्हणाली.

‘आई, अजून आग्नेय आशिया राहिलाय.’

‘राहू दे. आत कोण आहे गं?’

‘कुठे?’

‘खोलीत. मघापासून बघतेय. कोणी नाहीये. मग दाखवायचं कोणाला?’

आणि रांग सोडून ती निघाली. मागून एक गृहस्थ ओरडले (निवृत्त मुख्याध्यापक, आणखी कोण), ‘ओ आजी, रांगेत या! आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत?’ आई वळलीसुद्धा नाही. ‘ते तुमचं तुम्ही ठरवा,’ म्हणाली, ‘मला गुडघे आहेत. पलीकडे बाक दिसतोय.’

दादा, क्रांतीवर मी कपाटभर पुस्तकं वाचली. त्यात बाकाचा उल्लेख कुठेही नाही.

ती काचेपुढून गेली, अडसराखालून गेली, पुलावर चढली. मी मागे धावले. माझ्यामागे मुख्याध्यापक, अजून कागद उघडा धरूनच. मग सगळेच. पलीकडूनही लोक सुटले. आणि बरोबर मधोमध आई थांबली. मला वाटलं गुडघा. पण ती कठड्याला टेकून खाली बघत होती.

तुला आठवतं ना, पुलावर दोन्ही बाजूंनी पाट्या होत्या, ‘थांबण्यास सक्त मनाई’? जन्मभर आपण तो पूल मान खाली घालून, पाय उचलून पार केला, मागून शिट्टी वाजेल या भीतीने. आपल्या नदीला आपण काठावरूनच ओळखतो. तुम्ही तुमच्या काठावरून, आम्ही आमच्या. मधून ती कोणी पाहिलेलीच नव्हती. दादा, ती मधून वेगळीच आहे रे. आपल्या काठाला ती नेहमी गढूळ, संथ, जरा आळशी वाटते. मधे ती चकाकते, घाईने पळते, आणि तिचा आवाज येतो. वरच्या वळणापासून खालच्या बंधाऱ्यापर्यंत एक अखंड पाणी दिसतं, आणि दोन्ही गावं तिच्या दोन खांद्यांवर बसल्यासारखी दिसतात, सारखीच कौलं, सारख्याच वाळत घातलेल्या चादरी. शेकडो माणसं कठड्याला टेकून उभी होती. वायरमननी तेवढ्यात उघड्या तारा एकमेकींना पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळून ध्वनिक्षेपक चालू केला होता. माझ्या हातात माईक दिला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी बोलले नाही. तुला खोटं वाटेल, पण चार माणसांना विचार. तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याजवळ जे होतं ते सगळं त्या पाण्यापुढे लहान होतं. मी माईक मुख्याध्यापकांना दिला. त्यांनी हजेरी घेतल्यासारखा घसा खाकरला आणि तेही पुन्हा पाण्याकडे बघायला लागले.

मग आईने विचारलं, ‘त्याचं दुकान इथून दिसतं का?’

मी दाखवलं. निळं शटर, वर पाटी. ती बघत राहिली. तू ते उघडल्यापासून तिने एकदाही पाहिलं नव्हतं. त्या लग्नानंतर ती नाक्यावर गेलीच नाही, कागदावरच्या फोटोचा अपमान तिने पुन्हा कधी करून घेतला नाही. मग म्हणाली, ‘नाका गेला म्हणजे त्याचं कसं होणार गं?’ मी म्हटलं, युरोपात आतल्या सीमा उठल्या तेव्हा दादासारखे हजारो एजंट बेकार झाले, सरकारांनी काहींना दुसरी कामं शिकवली, काहींना नाही. ती म्हणाली, ‘ते हजारो राहू देत. हा एक सांग.’

एवढ्या मोठ्या चमत्काराची किंमत कोणीतरी मोजतं, आणि ते कोणीतरी आपल्या घरातलं असतं, तेव्हा आकडेवारी कामाला येत नाही. नाका उठला याचा आनंद मी तुझ्यापुढे लपवणार नाही. उद्या परत बसला तर परवा परत ओरडेन. पण त्या आनंदात तू नसशील तर तो अर्ध्या पुलासारखा आहे, त्यावरून कोणी कुठेच जात नाही.

वहिनीला नमस्कार. साखर सांभाळ. अंधारात बसू नकोस, डोळे जातील.

तुझी,
तोफ (स्वतःच म्हणवून घेतेय, दुसरं कोणी म्हणेना)

ता. क. एक: आईने बाक गाठला, पण तिथे बसली नाही. ऊन होतं.

ता. क. दोन: दोन ट्रकवाले भेटले. नाका नाही म्हणून खूष असतील असं मला वाटलं, पण रडकुंडीला आले होते. ‘शिक्का नसलेला माल नेला तर मालक म्हणेल चोरीचा आहे. नवीन नियमात नक्की कोणता कागद लागतो हे सांगणारा कोणी आहे का इथे?’ मी त्यांना तहाचं प्रास्ताविक ऐकवलं. त्यांनी हात जोडले आणि विचारलं, ‘ताई, कोणाला खरंच माहीत आहे का?’ मी तुझ्या दुकानाकडे बोट केलं.

ता. क. तीन: पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच. ते पोस्टाने आलं नाही, शटरखालून आलंय. आई बाहेर तुझ्या पायरीवर बसली आहे, इथे सावली आहे म्हणून. ट्रकवाले तिच्या शेजारी. मी तीनदा कडी वाजवली, तू उत्तर दिलं नाहीस. आईने मला वाजवू दिलं नाही चौथ्यांदा. म्हणाली, ‘ओरडू नकोस. लिही. तो वाचतो.’ तिने सोबत कागदसुद्धा आणलाय, फोटोचं पान उघडून मांडीवर ठेवलंय, तुला ओळख पटली नाही तर दाखवायला.

दादा, शटर वर कर.